रिकामी गादी

फार वर्षांपूर्वी हिमालयातल्या हंसनगरीची मैना दूरदेशी शिकून घरी परतली. डोंगरापलीकडचे रानबोकड चालून येत असल्याचं तिने वाटेतच पाहिलं होतं. तटावर पहारे असतील, असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात वेस सताड उघडी होती आणि सगळं नगर रथाच्या जत्रेत तांदळाची दारू पिऊन झिंगलं होतं.

“महाराज, बोकड वेशीत आलेत,” ती म्हणाली.

“येऊ देत. जत्रेला आलेल्याला आपण परत पाठवत नाही,” असं म्हणून हंसराजा आणखी एक द्रोण आणायला गादीवरून उतरला.

तेवढ्यात दर जत्रेला होणाऱ्या राजटिळ्याच्या मुहूर्ताची घंटा झाली. चढण चढून दमलेला बोकडांचा म्होरक्या रिकाम्या गादीवर टेकला होता. पुजारी बगळ्याने त्यालाच राजटिळा लावला.

“आजोबा, हा शत्रू आहे,” मैना कळवळून म्हणाली.

“असेल, बाळ. पण मुहूर्ताला गादीवर असेल तो राजा, ही आपली रीत. माझा मुहूर्त आजवर चुकलेला नाही.”

हंसराजाने परत येऊन सवयीने जयजयकारही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैना नव्या राजाविरुद्धचं भाषण घेऊन वेशीवर गेली. बोकडांचे पहारेकरी रिकाम्या घागरींशेजारी घोरत होते आणि वेस तशीच उघडी होती. तिने भाषण पंखाखाली ठेवलं, चोचीने अडसर ओढून वेस बंद केली आणि ठरवलं, राजा कुणीही असो, पहारा आपणच करायचा.