सालूबाईची पाटी

एक होता राजा, आणि त्याला होती एक खोड. त्याला सगळं एकसारखं लागायचं. बागेतली झाडं एका उंचीची, शिपायांच्या मिशा एका मापाच्या. आता मिशा काय पट्टी लावून उगवतात? पण राजाला सांगणार कोण.

त्याच्या गावात तीन आळ्या होत्या. एक पाडवा करणाऱ्यांची, एक पारशांची, एक गुजरात्यांची. आणि या गावाला नवं वर्ष आणून द्यायची सालूबाई. हो, आणूनच द्यावं लागतं, बरं का. ते काय आपल्या पायांनी येतं? डोक्यावर ही मोठी वेताची पाटी, कमरेला पदर खोचलेला आणि तोंड अखंड चालू. चैत्रात ती पाडव्याच्या आळीत जायची, श्रावणात पारशांकडे आणि दिवाळी झाली की गुजरात्यांकडे. पाटीचा एक कायदा होता. कोणी मनापासून वाट बघत असेल, तिथेच ती डोक्यावरून उतरायची. एरवी पैलवान लावा नाहीतर हत्ती लावा, ढिम्म हलायची नाही.

एकदा काय झालं, राजाच्या मनात आलं, एकाच गावात वर्ष तीन-तीनदा नवं होतं, हा काय गलथानपणा? मग त्याने दवंडी पिटवली. यापुढे सगळ्यांचं नवं वर्ष एकाच दिवशी. भर पौषात. राजाच्या वाढदिवसाला.

सालूबाईचं डोकंच फिरलं. "पौषात? पौषात कडुनिंबाला कोवळं पान तरी असतं का? आणि मला विचारलं कोणी? पाटी काय हा वाहतो?" अशी बडबडत, पाय आपटत ती निघाली. निघणार नाही तर काय करील? गावाचं वर्ष अडलं असतं ना.

मग ती पाडव्याच्या आळीत गेली. दारोदारी गुढ्या होत्या, पण प्रत्येक गुढीखाली एक शिपाई. लोक गुढीकडे बघेचनात, शिपायाच्या काठीकडे बघत होते. सालूबाईने मान वाकवली. पाटी हलली नाही.

मग ती पारशांच्या आळीत गेली. उंबऱ्यावर रांगोळीचे मासे काढले होते, पण धाकाने, घाईघाईत. एका माशाला शेपूटच नव्हतं. पाटी हलली नाही. मानेला रग लागली.

मग ती गुजरात्यांच्या आळीत गेली. तिथे वर्षाच्या पहिल्या पहाटे दारावर मीठ विकत घेतात, शकुनाचं म्हणून. त्या दिवशी मीठ सरकारी होतं आणि घेणारे जांभया देत होते. पाटी हलली नाही.

आणि नवं उतरेना म्हणून जुनं जाईना. सूर्य डोंगराला टेकला तो तिथेच अडकला. राजाचा वाढदिवस काही संपेना. भाटाने तीच स्तुती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. बासुंदीची वाटी पुन्हा पुढे आली. राजाने तर बासुंदीकडे पाठच फिरवली.

तेवढ्यात सालूबाई दरबारात शिरली. पाटी दाराच्या चौकटीत अडकली, तशी तिने धक्का मारून चौकटच मोकळी केली.

"बाई, पाटी खाली ठेव आणि मुजरा कर," राजा म्हणाला.

"उतरत असती तर तुझ्याच डोक्यात घातली असती," सालूबाई म्हणाली. "अरे, वाट बघणं हुकमाने होतं का? तुझ्या आईने तुझी वाट बघितली, तेव्हा दवंडी दिली होती कोणी? ज्याची त्याची घटका असते. लोकांचे सण म्हणजे काय तुझ्या शिपायांच्या मिशा, कातरल्या की झालं?"

राजाने खिडकीतून सूर्याकडे बघितलं. भाटाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "काय करू, सांग."

"आधी दवंडी मागे घे. आणि मग पाटीला जरा हात लाव."

राजाने दवंडी मागे घेतली. मग पाटीला हात लावला, आणि पाटी टुणकन त्याच्याच डोक्यावर जाऊन बसली. का, माहीत आहे? तो दिवस संपायची वाट अख्ख्या गावात तोच सगळ्यात मनापासून बघत होता. सूर्य बुडाला आणि भाट गप्प झाला.

"आता काढ ही," राजा म्हणाला.

"मी कोण काढणारी? चैत्र येईल, तेव्हा बघू."

मग राजा पाटी घेऊन हिंडायला लागला. दारातून आडवा होऊन शिरायचा, बसून झोपायचा. सालूबाई मागून मोकळ्या हातांनी, "सरळ चाल, हिंदकळू नकोस," म्हणत यायची. तिचा राग अजून गेला नव्हता. का जावा?

मग चैत्र आला. पाडव्याच्या आळीत गोदाकाकू दारात उभी होती. पाटीमुळे मुकुट कुठला दिसायला. "आलास का बाबा? कधीची डोळे लावून बसलेय," म्हणत तिने राजाच्या तोंडात कडुनिंब आणि गूळ घातला, पाटीला हात लावला आणि आळीचा वाटा उतरवून घेतला. राजाची मान जरा हलकी झाली.

मग श्रावण आला. पेरीनबाईने त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडलं आणि समोर आरसा धरला. नाकाच्या शेंड्यावर थेंब, डोक्यावर पाटी. राजा स्वतःलाच हसला. दुसरा वाटा उतरला.

मग दिवाळी झाली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जसुबेन मिठाची वाट बघत ओट्यावर बसलेली. "आवो भाई, रस्त्यात झोपला होता काय?" तिने पाटीतून मीठ आणि शेवटचा वाटा घेतला, आणि रिकामी पाटी आपोआप खाली आली.

सालूबाईने ती उचलली. "पुढच्या वर्षी मीच नेईन. तुला चालता येत नाही."

राजा वाड्यावर गेला. किती दिवसांनी त्याने उशीवर डोकं टेकलं आणि जो झोपला, तो झोपलाच. गावात तीन आळ्या तीनदा नव्या होत राहिल्या आणि सगळे सुखात राहिले.

तुमच्या डोक्यावर तर काहीच नाही. मग टेका बघू उशीवर, आणि मिटा डोळे.