सोनुल्याचं पान

एक होतं गांडूळ. आई त्याला सोनुल्या म्हणायची, म्हणून सगळेच त्याला सोनुल्या म्हणायचे.

सोनुल्याला एक पान सापडलं. जांभळीचं, वाळकं, कडेला थोडं कुजलेलं. म्हणजे अगदी चविष्ट.

तेवढ्यात शेवंताकाकू आल्या. झर्र झर्र, झर्र झर्र. अंगण लख्ख झालं. पान गेलं कचऱ्याच्या ढिगात.

सोनुल्या उपाशी राहिला. त्याला रडू आलं. थोडं रडला, मग निघाला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

“काकू काकू, माझं पान द्या.”

काकू म्हणाल्या, “या झाडाचा नुसता कचरा. जांभूळ एक नाही. जांभूळ आण, पान ने.”

सुळुक सुळुक. सोनुल्या जांभळीकडे गेला.

“जांभळी जांभळी, जांभूळ दे. जांभूळ काकूंना, काकू देतील पान, पान मी खाईन.”

जांभळी म्हणाली, “मला तहान लागलीय. पाणी आण, जांभूळ ने.”

सुळुक सुळुक. मोरीचं पाणी अंगणातून चाललं होतं.

“पाणी पाणी, मुळाशी जा. पाणी जांभळीला, जांभूळ काकूंना, काकू देतील पान, पान मी खाईन.”

पाणी म्हणालं, “माती मला आत घेत नाही. वाट आण, मग जाईन.”

सुळुक सुळुक. सोनुल्या मातीकडे गेला.

“माती माती, वाट दे. वाट पाण्याला, पाणी जांभळीला, जांभूळ काकूंना, काकू देतील पान, पान मी खाईन.”

माती म्हणाली, “मी घट्ट झालेय. भोक पाडायला गांडूळ लागतं. गांडूळ आण, वाट ने.”

सोनुल्या बरं म्हणाला आणि गांडूळ शोधायला निघाला.

कुंडीखाली बघितलं. नाही. दगडाखाली बघितलं. तिथेही नाही. वाटेत शेणकिडा भेटला. तो शेणाची गोळी ढकलत होता.

“शेणकिडेदादा, गांडूळ दाखवा. गांडूळ मातीला, वाट पाण्याला, पाणी जांभळीला, जांभूळ काकूंना, काकू देतील पान, पान मी खाईन.”

शेणकिड्याने गोळी थांबवली नाही. “गांडूळ तूच,” तो म्हणाला.

“मी?”

“तूच.” गोळी पुढे गेली.

सोनुल्याने स्वतःला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. दोन्हीकडून सारखंच होतं. मग तो मातीकडे परत आला.

“गांडूळ आणलंय,” तो म्हणाला, “पण ते उपाशी आहे.”

माती म्हणाली, “मग तोवर मला खा. चव विचारू नकोस.”

सोनुल्याने चव विचारली नाही. पुढून माती खाल्ली, मागून टाकली. गुटुक पुढे, टुपुक मागे. गुटुक पुढे, टुपुक मागे. भोक पडलं.

गांडूळ मातीला मिळालं. वाट पाण्याला मिळाली. गुडुगुडु पाणी जांभळीला मिळालं. मग थोडे दिवस काहीच झालं नाही. मग टप्पकन जांभूळ पडलं. जांभूळ काकूंना मिळालं.

काकूंनी ते खाल्लं. जीभ बाहेर काढून आरशात बघितली. जांभळी झाली होती.

काकूंनी ढिगातून एक पान काढलं. “घे,” म्हणाल्या, “बोलले होते ना.”

सोनुल्याने पानाचं देठ धरलं. सुळुक सुळुक. पान भोकात, सोनुल्या भोकात.

काकू अजून रोज झाडतात. झर्र झर्र. जांभळीपाशी आल्या की झाडू उचलतात आणि पलीकडून पुन्हा सुरू करतात. तिथली पानं सोनुल्याची आहेत.

जांभूळ काकूंच्या पोटात, पान सोनुल्याच्या पोटात, सोनुल्या मातीच्या पोटात. निजा आता.