आंबेसाठी सोडलेली पट्टी

चुनखडीच्या माळावरच्या एका गावात लिंबाजी नावाचा शेतकरी राहत होता. त्याचं शेत एकच, आणि त्यात दर साल हरभरा. पण पीक वीतभर वाढलं की शेंडे पिवळे पडत. गेल्या साली तर बियाण्यापुरतंही उरलं नाही. यंदाही तसंच झालं, तर शेत वाट्यानं देऊन परमुलखात मजुरीला जायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

यंदाही शेंडे पिवळे पडू लागले, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून एक शेंडा खुडून तो मन्मथआप्पांच्या खताच्या दुकानात गेला. आप्पांनी तो शेंडा बोटांत धरून पाहिला.

"लिंबाजी, तुझ्या जमिनीत लोह आहे, जस्तही आहे. पण धान्याचं पेव भरलेलं नि तोंड बुजलेलं, अशी गत! चुनखडी मुळांना ते घेऊ देत नाही. दारातून मिळत नसेल तर खिडकीतून द्यावं. फुलं लागायच्या आधी लोह-जस्ताचं पाणी पानांवर फवार. हात मात्र हलका ठेव, भाजीत मीठ घालतोस तसा. जास्त झालं तर पानं करपतील. आणि हो, फवारलेल्या पाल्याची आंब कुणाला पोटात घेऊ देऊ नको."

हे शेवटचं ऐकून लिंबाजी थबकला. हरभऱ्याच्या पानांवर दवात उतरणारा आंबट रस म्हणजे आंब. गावातली सोनाई आत्या थंडीत पहाटे त्याच्या शेतावर धुतलेलं फडकं पसरायची आणि भिजलं की पिळून बाटली भरायची. गावात कुणाचं पोट दुखलं की आत्याची आंब ठरलेली. बाकीची हरभऱ्याची शेतं ओढ्यापलीकडे. तिथवर तिचे पाय चालत नव्हते.

लिंबाजीनं शेत फवारलं, पण एक लांब पट्टी आत्यासाठी तशीच सोडली.

शेत हळूहळू हिरवंगार झालं. पट्टी बहुतेक पिवळीच राहिली. दुसऱ्या फवारणीला घराशेजारचा हणमंत बांधावर येऊन हसला, "शेताला टक्कल पाडलंस की रे! पंपात उरलंय ते मार तिकडं. वाळल्यावर म्हातारीला काय कळणार?"

लिंबाजीचा हात पंपाच्या दांड्यावर गेला. पट्टीतही त्याचंच बी होतं, त्याचाच घाम होता. मग दांडा सोडून तो म्हणाला, "तिला कळणार नाही, हणमंता. म्हणूनच तर मारवत नाही."

आणि उरलेलं पाणी घेऊन तो घरी गेला.

काढणीला शेत घाट्यांनी लगडलं. लिंबाजीचं परमुलखात जाणं टळलं. पण गाव ते गावच! कुणी म्हणालं, "यंदा थंडीच चांगली पडली." कुणी म्हणालं, "आप्पांच्या औषधाचं नुसतं नाव." तेव्हा लिंबाजीनं एक झाड फवारलेल्या भागातून उपटलं, एक पट्टीतून. बी तेच, थंडी तीच. एका झाडाला घाटे मोजवेनात, दुसऱ्याला शोधावे लागले. लोक दोन्ही झाडं हातात घेऊन पाहू लागले.

पीक पाहायला आलेले आप्पा पट्टीच्या टोकापर्यंत चालत गेले. उतारावर माती काळी, बिनचुनखडीची होती. तिथं फवारलेली नि न फवारलेली, दोन्हीकडची झाडं सारखीच लगडलेली निघाली.

"हणमंता, तुझी जमीन अशी काळी," आप्पा म्हणाले. "हे बघून तू फवारायला जाऊ नकोस, तुला गरज नाही. माझं गिऱ्हाईक गेलं तर गेलं."

सोनाई आत्या मात्र खंतावली. "माझ्यापायी तुझे एवढे घाटे गेले रे, लिंबाजी."

"आत्या, हे गेले नसते, तर बाकीचे कशानं आले ते कुणालाच कळलं नसतं. पुढच्या थंडीतही फडकं घेऊन ये."

तात्पर्य: ज्याला फसवलेलं कळणार नाही, त्याच्याशीही जो सचोटीनं वागतो, त्याच्याच शेतात खऱ्या-खोट्याची पारख होते.