धाकू मेस्त्रीचं गलबत

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, गळ्याची शपथ! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, तेव्हा माझे पणजोबा रांगत होते, त्यामुळे डोळे माझे नव्हते. पण शपथ माझीच आहे.

समुद्रकाठच्या एका गावात धाकू मेस्त्री गलबतं बांधायचा. एकदा त्याने एवढं थोरलं गलबत बांधलं, की त्याच्या सावलीत अर्ध्या गावाची मासळी वाळेना! किनाऱ्यावर उंच, कोरड्या वाळूत ते उभं होतं. आता ते पाण्यात लोटायचं. गावाची रीत अशी, की नवं गलबत पुनवेच्या उधाणाला, समुद्राला नारळ देऊन लोटायचं. मेस्त्रीने निवडली अष्टमी! त्या दिवशी भरती अगदी मरगळलेली असते.

"समुद्राची मदत हवीय कुणाला?" फळ्या तासायचा वाकस उंचावून तो गरजला. "आज माझ्या जोरावर गलबत पाण्यात गेलं नाही, तर हा वाकस समुद्रात फेकीन आणि धंदा सोडीन!"

सगळा गाव दोराला लागला. चाळीस रेडे जुंपले. दोन हत्ती आणले. हैसा! हैसा! दोर तुटले, रेडे फतकल मारून बसले, हत्ती रुसले. गलबत तसूभर हललं नाही.

मेस्त्री मान खाली घालून पाण्याकडे निघाला. मासळी वाळवणारी म्हातारी चांगुणाबाय आडवी आली.

"कुठे निघालास रे धाकू?"

"शपथ पाळायला."

"आणि पोरांना काय वाळू खायला घालशील? शपथ घेताना तोंड मोठं केलंस, आता मन मोठं कर. चुकलो म्हण, आणि पुनवेपर्यंत थांब."

चाळीस रेड्यांना ओढवलं नसतं इतकं जड ते त्याला गेलं. पण सगळ्या गावासमोर तो म्हणाला, "चुकलो."

पुनवेला भर दुपारी उधाण आलं. काय सांगू तुम्हाला! पाणी गर्जत आलं, नेहमीची रेघ ओलांडून आलं, गलबताखाली शिरलं, आणि आईने झोपलेलं पोर उचलावं तसं त्याने ते अलगद उचललं! ना कुणाचा हात, ना दोर. एक ओरखडाही नाही!

मेस्त्री कमरेइतक्या पाण्यात नारळ धरून उभा होता. त्याचे डोळे भरून आले. "बाय, एवढं बळ! आणि हात किती हलका!"

"तुला गाव आणि जनावरं पुरली नाहीत," चांगुणाबाय म्हणाली. "देवाने नुसता एक श्वास घेतला."

आता कबूल करतो. हत्ती मी घातले. रेडेही चाळीस नव्हते, चारच होते. पण उधाणाच्या पाण्यात मी पदरचा एक थेंबही मिसळलेला नाही. तिथे माझ्यासारख्यालाही थाप मारायला जागा उरत नाही.

तात्पर्य: समुद्रात देवाचं सामर्थ्य दिसतं, त्याच्यापुढे ज्याला वाकता येतं, त्याचंच गलबत तरतं.