सगुणाबाईंची पळी

"लोकांनी निवडून दिलं ते मला. मग माझा हुकूम रद्द करणारं हे कोर्ट कोण?"

रणधीरराव नवे मंत्री. कोर्टाचा तो अधिकारच काढून घेणारा कायदा पिशवीत तयार होता. उद्या तो सभागृहात मांडायचा, त्याआधी मठाचे प्रमुख निरंजनबुवा यांचा आशीर्वाद हवा होता. कायदा आपणच करावा, आपणच राबवावा, तक्रार आली तर निवाडाही आपणच करावा, म्हणजे कामं कशी झपाट्यानं होतात, हे ते तासभर पटवून देत होते.

बुवा ऐकत होते…

त्या नादात मठातली जेवणाची घंटा वाजून गेली.

बुवा पत्रावळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेले, तर पंगतीला वाढणाऱ्या सगुणाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"पंगत उठली, बुवा. आता उरलंय ते वाटसरूंचं."

रणधीररावांना हसूच आलं. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं, हे त्यांनी जन्मभर अनुभवलं होतं. इथे तर मठच बुवांचा.

"नियम तुमचाच ना, महाराज? मग बदला की आत्ता."

नियम सगळ्या मठाने बसून केलाय, बुवा म्हणाले. बदलायचा तर पुन्हा सगळ्यांनी बसायला हवं.

मठातले तंटे लिंबाजी सुतार तोडत. रणधीररावांनी त्यांना बोलावून घेतलं. लिंबाजींनी दोन्हीकडचं ऐकलं, बुवांकडे बघून त्यांचा जीव कळवळला, पण निवाडा दिला तो असा:

"उशीर तो उशीर. बुवा आज उपाशी."

बुवांनी त्यांना हात जोडले आणि रिकामी पत्रावळ घेऊन ओसरीवर येऊन बसले. चेहरा असा, की जणू पोटभर जेवलेत.

अंगणात वाटसरूंची पंगत बसली होती. सगळ्यांत शेवटी काठी टेकत एक म्हातारी आली. तिच्याही पानात आमटी भरून पडली.

रणधीरराव बघत राहिले. आपल्या बोलण्यापायी हा माणूस उपाशी राहिला, याची त्यांना लाज वाटली, आणि त्याच्याविषयी मन भरूनही आलं. आशीर्वाद मागायचा राहूनच गेला.

"महाराज… तुमच्याच मठात तुमचा शब्द चालत नाही?"

बुवांनी म्हातारीच्या पानाकडे बोट दाखवलं.

"इथला वाढपी कुणाच्याच ओळखीचा नाही, रणधीरराव. म्हणून शेवटच्या पानापर्यंत आमटी पुरते."