आठ आण्यांचा राम

"आठ आण्यांना राम गेला गो!" असं म्हणत भिकाजी चितारी बाजाराच्या पायरीवर मटकन बसला. त्याची मुलगी येसू काय समजायचं ते समजली.

सांबरगडच्या राजाला गंजिफांचं वेड! राजा तसा वेडा, प्रजा त्याहून वेडी. ती खेळायची गोल, रंगवलेली पानं विकायला गावात खुंटीबाजार भरे. खुंटीला पान लटकवायचं, खाली भावाची चिठ्ठी लावायची आणि आपल्या कामाला जायचं. ज्याला हवं त्यानं करवंटीत पैसे टाकून पान उचलायचं. एकदा उचललेलं पान परत मागायचं नाही, झालेला सौदा मोडायचा नाही, हा राजाच्या पणजोबांचा नियम.

भिकाजीनं राजाच्या खास पानांतला राम लाखेचा मुलामा चढवायला बाजारात आणला होता. म्हाताऱ्याचे डोळे अधू झालेले. ओली लाख वाळावी म्हणून त्यानं घरच्या सवयीनं पान तिथल्याच एका खुंटीला अडकवलं. खाली कुणाची तरी आठ आण्यांची जुनी चिठ्ठी राहिली होती, ती त्याला दिसलीच नाही.

ती दिसली बाबलशेठला! हा शेठ उजाडल्यापासून बाजारात बगळ्यासारखा उभा असे. कुठे नवखा भाव लिहिताना चुकला, कुठे कुणाचं एक शून्य राहून गेलं, की मारलीच यानं चोच! आयुष्यात एक डाव खेळला नव्हता मेला. पानांची किंमत तेवढी पाठ, खेळाचा गंध नाही.

येसूनं त्याच्या पेढीवर आठ आणे ठेवले. "शेठ, तो राम विकायला नव्हता."

"आता आहे ना!" शेठ दात कोरत म्हणाला. "पाचशे रुपये!"

"बाबांची चूक झालीय, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"कळलं म्हणून तर धावलो! डोळे उघडे ठेवणं हा गुन्हा आहे काय?"

येसू तडक दरबारात गेली. पण राजा पडला हट्टी!

"नियम म्हणजे नियम!" राजा गरजला. "आणि माझंच पान मी विकत घेऊ? नवं रंगवाल तर पाठ वेगळी दिसेल, आणि पाठीवरून ओळखू येणारं पान म्हणजे लबाडी! तेव्हा ऐक. पान मागायचं नाही, विकत घ्यायचं नाही, चोरायचं नाही, शेठला धाक घालायचा नाही. तरी दसऱ्याच्या डावाला राम हवा! नाहीतर तुझ्या बापाचं वतन गेलं. कुंचले गुंडाळा आणि चालते व्हा!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना दुसरं येतंय काय?

"राम येईल, महाराज," येसू म्हणाली. "फक्त डावाचं यजमानपण मला खुंटीला लावू द्या."

यजमान म्हणजे राजाशेजारची गादी, जरीची पगडी, आणि डाव संपेपर्यंत जमलेल्या सगळ्यांना जेवण. गेल्या वर्षी दिवाणांनी हा मान दोनशे रुपये मोजून घेतला होता. येसूनं चिठ्ठी लावली, एक रुपया! शाई वाळायच्या आत करवंटीत रुपया वाजला. एका दिवसाचं जेवण आणि राजाशेजारी मांडी! शेठला मिशीतल्या मिशीत हसू मावेना.

दसऱ्याला अख्खं गाव लोटलं. पानं वाटली, राजा सरसावून बसला, आणि डाव तिथंच अडला. दिवसाच्या डावात पहिलं पान उतरतं रामाचं. राम नाही तर डाव उघडत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते जरीच्या पगडीला!

"राम येईपर्यंत थांबू," राजा येसूकडे बघत म्हणाला. "यजमान, पानं वाढा!"

गाव जेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवलं, पाहुण्यारावळ्यांना बोलावून जेवलं. तांदळाची कोठी रिकामी झाली, तुपाचे डबे खडखडले. शेठ कासावीस झाला.

"डाव संपणार तरी कधी?"

"सुरूच कुठे झालाय?" येसू म्हणाली.

"यजमानपण परत घ्या!"

"उचललेलं परत नाही, शेठ!"

"मग राम घे! शंभर दे! बरं, पन्नास! अगो, आठ आणे तरी दे!"

"विकत घ्यायचा हुकूम नाही."

"फुकट घे गो बाई!" शेठनं कनवटीचा राम काढून तिच्या पुढ्यात ठेवला आणि हात जोडले. मग राजाकडे वळून ओरडला, "महाराज, हिनं मला फसवलं! मुद्दाम भाव कमी लावला!"

राजानं भुवई उंचावली. "खरंच की, पोरी! मग तुझ्यात आणि शेठमध्ये फरक काय?"

"महाराज, बाबांना चिठ्ठी दिसली नाही, आणि शेठनी ती दाखवली नाही. यजमानाला काय करावं लागतं हे साऱ्या गावाला दिसत होतं. शेठचे डोळे तर उघडेच होते ना?"

राजा असा हसला की पगडी मांडीवर पडली! "माग, काय हवं ते माग!"

"बाजारात बाबांना एक खुंटी द्या, महाराज. पान वाळत घालायची. तिला कुणी हात लावायचा नाही."

"दिली! आणि वतन तुझ्या नावावर!" राजानं राम उचलून ऐटीत खाली टाकला. "चला, आता कुठे डाव उघडला! आणि आम्ही सावकाश खेळतो बरं का. शेठ, आज खीर होऊ द्या!"