करवंटीतले बी आणि पडद्यावरचे रोप

एकदा एका तालुक्याच्या गावी, तिथल्या अध्यापक विद्यालयात, गजेंद्र नावाचा एक होतकरू तरुण शिक्षक होण्याचे धडे गिरवत होता. यंत्रांवर त्याचा हात असा बसला होता की, विद्यालयातला प्रोजेक्टर रुसला म्हणजे प्राध्यापकसुद्धा त्यालाच हाक मारत. 'खडू घासण्याचे दिवस गेले,' असे तो उघड म्हणे, आणि त्यात फारसे खोटेही नव्हते.

त्या विद्यालयाची एक रीत होती. पुष्कळ ठिकाणी असते. भावी शिक्षकाने शेजारच्या शाळेतल्या एखाद्या वर्गावर पाठ घ्यायचा, मागच्या बाकावर बसून परीक्षकाने तो पाहायचा, गुण द्यायचे, की झाले. पाठ घेणारा त्या वर्गाकडे पुन्हा फिरकत नसे. मुलांनाही आता सवय झाली होती. आज एक सर, उद्या दुसरे. कुणी कुणाचे नाव लक्षात ठेवत नसे.

गजेंद्रचा अंतिम पाठ चौथीच्या वर्गावर होता. विषय, 'बी कसे रुजते'. पाठ चांगला उतरला तर पदविका हातात, नाहीतर आणखी एक वर्ष घरच्यांच्या जिवावर काढायचे. त्याने पडद्यावर चित्रफीत लावली. मातीचा उभा छेद आणि त्यात वालाचे एक बी. बी फुगले, साल फाटली, मूळ खाली उतरले, कोंब वर आला, दोन पाने उघडली. सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच! मुलांनी टाळ्या पिटल्या. मग पाठात 'प्रत्यक्ष कृती' हवीच, म्हणून त्याने प्रत्येकाला मातीने भरलेली करवंटी आणि एकेक वाल दिला, 'घरी पेरा, पाणी घाला' असे सांगितले आणि पाठ आटोपला.

परीक्षक होते एक वृद्ध गुरुजी. उभे आयुष्य शिकवण्यात गेलेले. निवृत्तीनंतरही विद्यालय त्यांना अगत्याने बोलावी. त्यांनी पेन काढले, टोपण उघडले, थोडा विचार केला, टोपण पुन्हा लावले आणि पेन खिशात ठेवून दिले.

"गुरुजी, गुण?" गजेंद्रने विचारले.

"पाठ संपला की देईन."

"संपला की, गुरुजी!"

"बी कुठं रुजलंय अजून? परवा ये. इथंच भेटू."

गजेंद्र मनातून चरफडला. 'म्हाताऱ्याला यंत्राचं वावडं आहे, दुसरं काय!' असे मित्रांजवळ बोलूनही मोकळा झाला. पण निकाल अडलेला. अडला हरी... पुढचे आपल्याला ठाऊकच आहे. ठरल्या दिवशी तो गेला.

गुरुजींनी मुलांना करवंट्या आणायला सांगितले होते. बहुतेकांत नुसती मातीच होती, बी नव्हते.

"फेकून दिलं सर. खराब होतं."

"माझं पण सडकं निघालं."

"दुकानदारानं तुम्हाला फसवलं सर," एकाने सहानुभूती दाखवली.

पूर्वा नावाची एक मुलगी तेवढी मान खाली घालून बसली होती. तिच्या करवंटीतली माती खालवर झालेली, आणि बी तिच्या तळहातावर होते, नखे लागून सोललेले.

"उकरलंस होय गं?" गुरुजींनी हळूच विचारले.

"सारखं बघत होते. येतच नाही." आणि तिला रडू फुटले. "सरांचं लगेच आलं. आत्या म्हणतेच, माझ्या हाताला गुण नाही. मी लावलेलं काही जगत नाही."

गजेंद्र तिच्या बाकाशी आला. "अगं, ती चित्रफीत पळवलेली असते! खरं बी चांगले पाच-सहा दिवस घेतं," तो म्हणाला.

वर्ग त्याच्याकडे बघतच राहिला. "मग तसं सांगायचं ना, सर!" मघाचाच मुलगा म्हणाला.

"मला वाटलं, कळत असेल तुम्हाला..." गजेंद्र पुटपुटला.

गुरुजींनी सर्वांना नवे बी दिले. पूर्वाने मात्र हात मागे घेतला. "मला नको. माझं मरतं."

"बरं, एक सांग. तुझी आई मटकीला मोड आणते, तेव्हा काय करते?"

"भिजवते. फडक्यात बांधून ठेवते."

"आणि मधेच उघडून बघितलं तर?"

"धपाटा देते."

वर्ग हसला. पूर्वाही रडता रडता थोडी हसली आणि तिने बी घेतले. सर्वांचे पेरून झाल्यावर करवंट्या खिडकीत ओळीने मांडल्या गेल्या. मग गुरुजी म्हणाले, "गजेंद्र, लाव आता तुझी चित्रफीत."

पडद्यावर माती दिसली, मातीत नुसते पडलेले बी दिसले, आणि लगेच गुरुजींनी हात वर केला. "थांब. आज एवढंच. बंद कर."

मुले हिरमुसली. गजेंद्र तर गोंधळूनच गेला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्याने विचारले, "गुरुजी, आता मुलांना खरं काय ते सांगून झालं. मग पूर्ण दाखवायला काय हरकत होती?"

गुरुजी म्हणाले, "अरे, मातीखाली काय चालतं ते दाखवणं आम्हाला जन्मात जमलं नाही. मी फळ्यावर बी काढायचो, ते बटाट्यासारखं दिसायचं. तुझ्या यंत्रानं ते दाखवलं, त्याला माझा नमस्कार. पण दाखवताना त्यानं मधली सगळी वाट पाहणं गाळून टाकलं. गाळलेलं पोराला दिसत नाही. त्याला वाटतं, उणं माझ्यातच आहे. यंत्र काय गाळतं हे जाणणारा माणूस वर्गात हवा, आणि तो तू. रोज ये. मुलांचं बी जिथवर गेलं असेल, तिथवरच चित्रफीत ने. त्यांना उकरून बघावं लागू नये, म्हणून तो पडदा."

गजेंद्र रोज जाऊ लागला. 'काय रे, तिथंच चिकटलास का?' असे मित्र चिडवत. रोज पडद्यावरचे बी थोडे पुढे जाई आणि थांबे. एव्हाना त्याला वर्गातली सगळी नावे पाठ झाली होती, आणि गुणांची आठवण काढायचे मात्र तो विसरला होता.

एके सकाळी पूर्वाच्या करवंटीतली माती तडकली. फटीतून वाकलेली, फिकट हिरवी मान वर येत होती.

"सर, आलं! माझ्या हाताचं आलं!"

गजेंद्रचे डोळे भरून आले. ते लपवण्यासाठी तो प्रोजेक्टरकडे वळला आणि सवयीने चित्रफीत पुढे नेऊ लागला.

"सर, थांबा," पूर्वा म्हणाली. "लावू नका. आज पुढचं आम्ही सांगतो."

मागच्या बाकावर गुरुजींनी खिशातले पेन काढले आणि टोपण उघडले. गजेंद्रचे तिकडे लक्षच नव्हते. तो करवंटीवर वाकून पूर्वाचे बोलणे ऐकत होता.